दात्याचा शब्द आणि सार्वजनिक बाग

पैशाचे दान खर्च होते आणि हिशेबाच्या वहीत एक नोंद ठेवून विस्मृतीत जाते. जमिनीच्या दानाचे तसे होत नाही. दाता जातो, कागदावर सही करणारे साक्षीदार जातात, दान स्वीकारणारे पंचही जातात. जमीन मात्र आहे तेथेच असते. वर्षे लोटतात तसतसा तिचा भाव चढत जातो. पडीक म्हणून ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्याच्यासमोर एके दिवशी रस्ता येतो, स्थानक येते आणि मग त्या तुकड्याकडे पाहणाऱ्यांची नजर बदलते. 'मुलांना खेळण्यासाठी', 'म्हाताऱ्यांना बसण्यासाठी', 'सर्वांना मोकळी हवा मिळावी म्हणून' असे जे शब्द जुन्या कागदावर असतात, त्यांची खरी कसोटी त्या दिवशी लागते.

मेलेल्या माणसाचा शब्द जिवंतांना कोठवर बांधतो? हा प्रश्न वकिलांनी वकिलांशी वाद घालण्याचा आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु ज्या समाजात वाडवडिलांनी शाळेसाठी, दवाखान्यासाठी, क्रुसासाठी, मैदानासाठी जमिनी दिल्या आणि ज्यांच्या शेतवाड्यांना आज शहराने वेढले आहे, त्या आपल्या समाजाला हा प्रश्न घरचाच आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही प्रथम आपल्या गावाबाहेर, सातासमुद्रापलीकडच्या तीन बागांकडे वाचकांना नेऊ इच्छितो. दुसऱ्याच्या अंगणातील गोष्ट शांतपणे पाहता येते. नंतर आपल्या अंगणाकडे वळणे सोपे जाते.

डर्बीची बाग

इंग्लंडमधील डर्बी हे गिरण्यांचे गाव. तेथील जोसेफ स्ट्रट हा कापसाच्या गिरण्यांवर श्रीमंत झालेल्या घराण्यातला. त्याचे वडील जेडेडाया स्ट्रट हे रिचर्ड आर्कराइटचे भागीदार होते. १८३५ साली नगरपालिकेची नव्याने घडण झाली तेव्हा जोसेफ तिचा पहिला महापौर झाला. गिरण्यांच्या धुराने कोंदलेल्या गावात कामकरी माणसाला रविवारी पाय मोकळे करायलाही जागा नाही, हे तो पाहत होता. आपल्या घराण्याची संपत्ती ज्यांच्या श्रमातून उभी राहिली त्यांचे काही देणे आपण लागतो, अशी त्याची भावना होती आणि ती त्याने उघडपणे बोलून दाखवली.

१८४० साली त्याने सुमारे ११ एकरांची बाग गावाच्या स्वाधीन केली. तिची आखणी जॉन क्लॉडियस लाउडन या नामांकित उद्यानतज्ज्ञाने केली होती. जमीन सपाट आणि आटोपशीर; म्हणून लाउडनने मातीचे उंचवटे उभारून वाटा अशा वळवल्या की फिरणाऱ्याला कुंपण दिसू नये आणि बाग आहे त्यापेक्षा मोठी वाटावी. देशोदेशीची झाडे लावून त्यांच्यावर नावांच्या पाट्या लावण्यात आल्या, म्हणजे हिंडता हिंडता माणूस चार गोष्टी शिकेल. सामान्य जनतेसाठी मुद्दाम आखलेल्या इंग्लंडमधील अगदी पहिल्या बागांत तिची गणना होते.

स्ट्रटची अट साधी होती: आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि त्यांत रविवार असलाच पाहिजे, बाग सर्वांना विनामूल्य खुली राहावी. या अटीत त्या माणसाची दृष्टी दिसते. कामगाराला सुट्टी कोणत्या दिवशी असते हे त्याला ठाऊक होते. परंतु एक गोष्ट त्याच्याकडून राहून गेली. बाग दिली, पण बागेच्या देखभालीसाठी कायमचा निधी ठेवला नाही. साहजिकच इतर दिवशी प्रवेशासाठी पैसे घेणे व्यवस्थापकांना भाग पडले. ज्या कामकऱ्यांसाठी बाग उभी राहिली त्यांच्यासाठी तिचे दार आठवड्यातील बहुतेक दिवस पैशावाचून बंद राहिले. ही स्थिती चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. १८८२ साली शुल्क बंद झाले आणि बाग सर्व दिवस सर्वांची झाली. स्ट्रट १८४४ सालीच निवर्तला होता. त्याच्या मनात जे होते ते त्याच्यामागे अडतीस वर्षांनी पूर्णत्वास गेले.

यातून दिसते ते असे की दात्याची इच्छा पाळणे म्हणजे केवळ तिचा भंग न करणे एवढेच नाही. इच्छेला पोसावेही लागते. झाडाला पाणी लागते, वाटेला खडी लागते, माळ्याला पगार लागतो. हा खर्च कोणी करायचा याचे उत्तर दानपत्रात नसेल तर ते पुढच्या पिढीला शोधावे लागते. आणि खर्चाच्या चणचणीतून पहिली तडजोड नेहमी गरिबाच्या वाट्याची होते.

पापी माणसाचे दान

दुसरी बाग अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात आहे. तिचा दाता ग्रिफिथ जे. ग्रिफिथ हा १८५० साली वेल्समध्ये जन्मला आणि पंधराव्या वर्षी अमेरिकेत आला. खाणींच्या व्यवहारात त्याने अमाप पैसा मिळवला आणि १८८२ साली लॉस फेलिझ नावाची विस्तीर्ण जहागीर विकत घेतली. १६ डिसेंबर १८९६ रोजी त्याने त्यातील ३,०१५ एकर जमीन शहराला नाताळची भेट म्हणून देऊ केली. ही जागा साध्यासुध्या लोकांच्या विश्रांतीसाठी आणि करमणुकीसाठी असावी, असा त्याचा स्पष्ट हेतू होता. शहर त्या वेळी लहान होते. एवढ्या मोठ्या डोंगराळ जमिनीचे करायचे काय, हा प्रश्न पुष्कळांना पडला असल्यास नवल नाही.

पुढची हकीकत दुःखद आहे. ग्रिफिथची पत्नी क्रिस्टिना कॅथलिक होती. तो स्वतः प्रॉटेस्टंट. दारूच्या व्यसनाने त्याच्या मनात विलक्षण संशय शिरला. आपली पत्नी पोपशी संगनमत करून आपल्याला विष घालणार आहे आणि आपली संपत्ती हडप करणार आहे, असे त्याला वाटू लागले. सप्टेंबर १९०३ मध्ये सांता मोनिका येथील एका हॉटेलात त्याने तिच्यावर पिस्तूल झाडले. ती खिडकीतून उडी टाकून वाचली, परंतु तिचा एक डोळा कायमचा गेला. न्यायालयाने तिला घटस्फोट दिला. ग्रिफिथला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात त्याने ती भोगली. सुटून आल्यावर त्याने दारू सोडली आणि तुरुंगसुधारणेसाठी तो बोलू लागला.

१९१२ साली त्याने शहराला पुन्हा दान देऊ केले: डोंगरमाथ्यावर वेधशाळा बांधण्यासाठी एक लाख डॉलर. सामान्य माणसाने एकदा दुर्बिणीतून आकाश पाहिले तर त्याची दृष्टी बदलेल, अशी त्याची श्रद्धा होती. पण या वेळी शहरातून विरोधाचा गदारोळ उठला. पत्नीवर गोळी झाडणाऱ्या माणसाच्या पैशावर शहराने आपली कीर्ती उभारावी काय? त्याच्या हयातीत वेधशाळा झाली नाही. १९१९ साली तो वारला. मृत्युपत्रात त्याने ही रक्कम त्याच कामासाठी राखून ठेवली होती. १९३० साली त्याच्या पैशातून खुले नाट्यगृह उभे राहिले आणि मे १९३५ मध्ये वेधशाळेचे दार उघडले. दात्याच्या इच्छेनुसार तेथे आजही प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

या प्रकरणातील एक बारकावा आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. ग्रिफिथने वेधशाळेत दुर्बीण, विज्ञानाचे दालन आणि शैक्षणिक चित्रपटांसाठी एक लहान सभागृह असावे असे सुचवले होते. त्याच्या मृत्यूनंतर, १९२३ साली, कृत्रिम तारांगण दाखवणाऱ्या यंत्राचा शोध लागला. चित्रपटगृहाऐवजी तारांगण करावे, असे तज्ज्ञांना वाटले. त्यांनी परस्पर निर्णय घेतला नाही. त्यांनी दात्याच्या कुटुंबाला विचारले, संमती घेतली आणि मगच बदल केला. दात्याचा शब्द बदलला, परंतु त्याचा हेतू अधिक चांगल्या रीतीने सफळ झाला. अक्षर आणि आशय यांच्यातील फरक ओळखण्याचा याहून सरळ मार्ग कोणता असेल?

सर्वच वेळी एवढी जपणूक झाली, असे मात्र नाही. १९५० नंतर जलदगती महामार्गांसाठी या उद्यानाचा काही भाग गेला. उद्यानातील एका दरीत १९५७ च्या सुमारास शहराचा कचरा टाकण्यास सुरुवात झाली आणि हे काम १९८५ पर्यंत चालले. वारसांच्या बाजूने न्यायालयात दाद मागण्यात आली. तिला यश आले नाही. भराव पूर्ण झाल्यावर जागा पुन्हा करमणुकीलाच लागेल, हा युक्तिवाद ग्राह्य ठरला. 'पुढे कधीतरी' या दोन शब्दांत सार्वजनिक जमिनीचे केवढे नुकसान सामावलेले असते, याचे हे उदाहरण. तरीही एकंदरीत ग्रिफिथ उद्यान टिकले, इतकेच नव्हे तर वाढले. आज ते चार हजार एकरांहून मोठे आहे.

दाता सज्जन होता म्हणून त्याचा शब्द पाळायचा असता तर हे उद्यान केव्हाच गेले असते. शब्द पाळायचा तो ज्यांना दिला त्यांच्यासाठी. १८९६ सालच्या त्या कागदात लाभार्थी म्हणून जे साधे लोक अभिप्रेत होते, त्यांतील बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. करार करणाऱ्या टेबलापाशी त्यांना जागा नव्हती. त्यांच्या वतीने बोलणारा एकच साक्षीदार होता. तो म्हणजे तो कागद.

बेकन्सफील्डचा धडा

येथवर वाचून कोणी म्हणेल, दात्याची इच्छा ही पवित्र वस्तू आहे. तिला हात लावू नये. अशा वाचकासाठी तिसरी बाग.

ऑगस्टस बेकन हे जॉर्जिया राज्याचे सिनेटर. ग्रिफिथसारखा कोणताही कलंक त्यांच्या नावावर नव्हता. त्यांनी १९११ साली मृत्युपत्र केले आणि मेकन शहरातील आपली बेकन्सफील्ड नावाची जागा उद्यानासाठी शहराला देण्याची व्यवस्था केली. देखभालीसाठी उत्पन्नाची तजवीज केली, व्यवस्थापक मंडळ नेमण्याची तरतूद केली. डर्बीत जे राहिले होते ते सारे येथे नीट केले. मात्र अट अशी घातली की उद्यान केवळ गोऱ्या स्त्रिया, मुले आणि मुली यांच्यासाठी असावे. इतर गोऱ्यांना प्रवेश द्यायचा तो मंडळाच्या मर्जीवर. कृष्णवर्णीयांबद्दल आपल्या मनात आकस नाही, पण दोन वंशांचा सामाजिक व्यवहार कायमचा वेगळा असावा, असे आपले मत आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. उद्यानाच्या दानात अशी वंशभेदाची अट घालण्यास जॉर्जियाच्या १९०५ च्या कायद्याने मुभा दिलेलीच होती. बेकन १९१४ साली वारले.

पुढे उद्यान झाले. त्यात सार्वजनिक पैसाही ओतला गेला. पोहण्याचा तलाव केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून बांधला गेला. काळ बदलला आणि शहराने कृष्णवर्णीय नागरिकांना उद्यानात येऊ देण्यास सुरुवात केली. तेव्हा १९६३ साली व्यवस्थापक मंडळातील काही सदस्य न्यायालयात गेले: शहर दात्याची अट मोडत आहे, तेव्हा शहराला विश्वस्तपदावरून दूर करावे आणि खाजगी विश्वस्त नेमावेत, म्हणजे अट पाळता येईल. मेकनमधील कृष्णवर्णीय नागरिकही या दाव्यात उतरले. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की विश्वस्त बदलला तरी उद्यानाचे सार्वजनिक स्वरूप बदलत नाही. तेथे वंशभेद चालणार नाही.

न्याय झाला असे येथे वाटते. परंतु कथा संपली नव्हती. बेकन यांच्या वारसांनी म्हटले, दात्याची अट पाळता येत नसेल तर दानच निष्फळ ठरले. जमीन आम्हाला परत द्या. जॉर्जियाच्या न्यायालयांनी ते मान्य केले. वंशभेदाची अट ही दात्याच्या हेतूचा गाभाच होती, तेव्हा ती वगळून उरलेला हेतू पाळता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. जानेवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा निर्णय कायम केला. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले. मृत माणसांना आपल्या मालमत्तेवर अंमल चालवू देण्याची ही किंमत आहे, अशा आशयाचे विधान त्यात आहे. न्यायमूर्ती डग्लस आणि ब्रेनन यांनी असहमती नोंदवली. कृष्णवर्णीयांना आत येऊ द्यावे लागेल म्हणून चालू असलेले सार्वजनिक उद्यान बंद करणे हाच भेदभाव आहे, असे ब्रेनन यांचे मत होते.

परिणाम काय झाला? उद्यान गोऱ्यांचेही राहिले नाही आणि काळ्यांचेही राहिले नाही. जमीन वारसांकडे गेली आणि तेथे दुकाने व कचेऱ्या उभ्या राहिल्या. दात्याची इच्छा 'पाळण्याच्या' नावाखाली दात्याने लावलेली झाडेच गेली. आम्हाला येथे ब्रेनन यांची बाजू अधिक न्याय्य वाटते. बेकन यांना दोन गोष्टी हव्या होत्या: एक उद्यान आणि एक भिंत. न्यायालयाने भिंतीला हेतूचा गाभा मानले. उद्यानाला गाभा मानले असते तर त्याच मृत्युपत्रातून मेकनच्या सर्व मुलांना सावली मिळाली असती.

ख्रिस्तसभेचा नियम, देशाचा कायदा

हा पेच नवा नाही. धर्मकार्यासाठी दिलेल्या दानांचा गैरवापर हा युरोपात शतकानुशतकांचा प्रश्न होता. १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाविसाव्या बैठकीत महागुरूंना अशा सर्व दानांच्या अंमलबजावणीचे अधिकारी ठरवले. इंग्लंडमध्ये १६०१ साली राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीत धर्मादाय दानांविषयीचा प्रसिद्ध कायदा झाला, तोही दाने भलतीकडे वळवली जात आहेत अशा तक्रारींची चौकशी करण्यासाठी.

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मसभेच्या विधिसंहितेत हे तत्त्व अगदी थोडक्या शब्दांत आले आहे. भाविकांनी विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरता येते, असे कलम १२६७ सांगते. भाविकांची धर्मकार्याविषयीची इच्छा अत्यंत काटेकोरपणे पाळली जावी, असे कलम १३००. आणि कलम १३१० मध्ये बदलाची वाट दाखवली आहे, ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. दात्याने घातलेले बंधन पाळणे अशक्य झाले तर महागुरू ते न्याय्य रीतीने हलके करू शकतात. मात्र ही अशक्यता व्यवस्थापकांच्या दोषामुळे आलेली नसावी, संबंधितांचे म्हणणे ऐकले जावे आणि दात्याचा हेतू शक्य तितका राखला जावा. 'व्यवस्थापकांचा दोष नसावा' या अटीचे मर्म व्यवहारी माणसाला लगेच उमगेल. आधी बागेकडे दुर्लक्ष करायचे, कुंपण पडू द्यायचे, कचरा साचू द्यायचा आणि मग 'आता येथे बाग चालणे शक्य नाही' असे म्हणायचे, हा डाव या एका वाक्याने अडवला आहे.

आपल्या राज्याचा कायदाही याच दिशेने जातो. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हा मुंबई राज्याच्या काळात झाला. त्याच्या कलम ३६ नुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, बदलून घेण्यासाठी किंवा दान देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही ती लागते. न्यासाचा मूळ उद्देश निष्फळ झाला तर कलम ५५ आणि ५६ अन्वये न्यायालयाकडे जाऊन, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा मार्ग शोधावा लागतो. विश्वस्तांच्या बैठकीत चहा घेता घेता हात वर करून हे ठरवता येत नाही.

याच संदर्भात ख्रिस्ती वाचकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातील कलम ११८ अन्वये, ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे, अशा व्यक्तीला धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने मालमत्ता ठेवायची असेल तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने मृत्युपत्र केलेले असावे लागे आणि ते सहा महिन्यांच्या आत जमा करावे लागे. मृत्युशय्येवरच्या माणसावर कोणी दडपण आणू नये, या जुन्या इंग्रजी धास्तीतून आलेले हे कलम. पण त्याचा जाच प्रामुख्याने ख्रिस्ती लोकांनाच होता. जॉन वल्लमट्टम या केरळमधील धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द ठरवले. म्हणजे एखाद्या ख्रिस्ती गृहस्थाने आपली वाडी बागेसाठी ठेवून सहा महिन्यांत प्राण सोडला असता तर २००३ पूर्वी ते दान टिकले नसते. आता दान करण्याचा आपला हक्क इतरांइतकाच मोकळा आहे. हक्क मोकळा झाला तेव्हा जबाबदारीही वाढली.

दाता नसेल तेव्हा

जमीन कोणी दान केलेली नसेल, नगररचनेच्या आराखड्यात बागेसाठी राखली असेल, तर? तेथे बोलणारा दाता नसतो. फक्त नागरिक असतात. बंगळूरमध्ये अशीच एक राखीव मोकळी जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला. रुग्णालय हे काम चांगलेच. पण एका चांगल्या कामासाठी दुसऱ्या चांगल्या कामाची जागा हिसकावता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्कखाली महापालिकेच्या संमतीने भूमिगत बाजार बांधला जात होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला.

अलीकडचे एक उदाहरण इंग्लंडमधील श्रूझबरीचे. तेथील ग्रीनफील्ड्स नावाचे क्रीडांगण नगरपालिकेने १९२६ साली लोकांच्या करमणुकीसाठी घेतले होते. काळाच्या ओघात ही गोष्ट विस्मरणात गेली. २०१७ साली पालिकेने त्यातील एक तुकडा घरे बांधणाऱ्या कंपनीला विकला. जाहीर सूचना देण्याची कायद्यातील अट पाळली नाही, कारण ही जमीन जनतेच्या विश्वासातली आहे याचे भानच कोणाला उरले नव्हते. एका रहिवाशाने लढा दिला आणि मार्च २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाची परवानगी रद्द केली. जमीन विकली गेली तरी लोकांचा हक्क विकला गेला नव्हता. या प्रकरणात कोणी लबाडी केली, असे म्हणता येणार नाही. कागद होता, पण वाचणारा नव्हता. आणि सार्वजनिक जमिनी जशा लोभाने जातात तशा अशा विसराळूपणानेही जातात.

आपल्या दारात

आता आपल्या अंगणाकडे वळू. वसईपासून वांद्र्यापर्यंत आणि पलीकडेही आपल्या कित्येक धर्मग्रामांत पूर्वजांनी दिलेले जमिनीचे तुकडे आहेत. काहींचे कागद नीट आहेत, काहींचे पेटीत पडलेले आहेत आणि काहींचे केवळ तोंडी आहेत: 'ती जागा अमक्या बाबांनी पोरांना खेळायला दिली होती.' हे तोंडी वाक्य म्हाताऱ्या माणसाबरोबर कबरीत जाते. म्हणून ज्यांना अशी स्मृती आहे त्यांनी ती आजच लिहून, सही करून ठेवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

ज्यांच्या मनात दान करण्याचे आहे त्यांच्यासाठी या तीन बागा पुष्कळ काही शिकवतात. बक्षीसपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोंदवलेले असावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावराच्या दानाला ते आवश्यकच आहे. उद्देश एका स्पष्ट वाक्यात लिहावा. देखभालीचा खर्च कोठून येईल ते सांगावे, नाहीतर डर्बीसारखे गरिबाच्या तोंडावर दार लागते. उद्देश निष्फळ झाला तर पुढचा पर्याय कोणता, आणि तो कोणाला विचारून ठरवावा, हेही लिहावे; ग्रिफिथच्या वेधशाळेत असे विचारण्यानेच काम सुकर झाले. आणि अटी घालताना हात आखडता घ्यावा. आपल्या आळीचे, आपल्या पोटजातीचे, आपल्याच धर्मग्रामाचे लोक, असे कुंपण घालण्याचा मोह प्रत्येक दात्याला होतो. बेकन्सफील्डची झाडे त्या कुंपणापायीच गेली.

जे विश्वस्त आहेत त्यांच्यावरचे ओझे अधिक आहे. मैदानावर शाळेची नवी इमारत, बागेच्या जागी सभागृह, सभागृहाच्या उत्पन्नातून गरिबांना मदत: प्रत्येक प्रस्ताव चांगल्या शब्दांत येतो आणि मांडणारे बहुधा चांगलेच लोक असतात. अशा वेळी प्रस्तावाचा चांगुलपणा तोलण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा: ही जागा कोणाला दिली होती? उत्तर 'मुलांना' असे आले, तर त्या मुलांच्या वतीने सभेत बोलणारा कोण आहे तेही पाहावे. बदल अपरिहार्य असेल तर तो दात्याच्या कुटुंबाला विचारून, धर्मग्रामस्थांसमोर मांडून, कायद्याच्या वाटेने आणि मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळ राहून करावा.

हे सारे घडण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक धर्मग्रामाने दानात मिळालेल्या जमिनींची एक वही करावी. तीत दात्याचे नाव, वर्ष, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकाचा क्रमांक आणि दात्याचे मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत. वर्षाच्या सर्वसाधारण सभेत जमाखर्च वाचला जातो, त्याच्या आधी ही वही वाचावी. वाचायला अर्धा तासही लागणार नाही आणि तरुणांच्या कानांवर ती नावे पडतील.